हजेरीपटावर तुमची सही आहे का?

दुपारचे तीन वाजलेले असतात. ओटा आवरून झालेला असतो, मुलं शाळेतून यायला अवकाश असतो आणि तुम्ही दळणाचा डबा घेऊन गिरणीकडे निघालेल्या असता. वाटेत ती इमारत लागते. पिवळट रंगाची, पुढं थोडंसं मैदान, मैदानात गंजलेली घसरगुंडी. दारावरच्या पाटीवर कुठं 'समाजमंदिर' लिहिलेलं असतं, कुठं 'कामगार कल्याण केंद्र', तर कुठं 'विरंगुळा केंद्र'. आतून कॅरमच्या सोंगट्यांचा टकटक आवाज येत असतो. तो तुम्ही ऐकता आणि पुढं जाता.

खरं सांगा, त्या दारातून तुम्ही आजवर किती वेळा आत गेलात? मुलाला पोलिओचा डोस पाजायला एकदोनदा. मतदानाला दोनतीनदा. शेजारच्या मुलीच्या साखरपुड्याला एकदा. पण स्वतःसाठी, हातात काही काम नसताना, नुसतं चार घटका बसायला?

"अहो, तिथं पुरुष असतात," तुम्ही म्हणाल. किंवा "आम्हांला कोण आत घेणार?" किंवा सगळ्यांत नेहमीचं उत्तर : "वेळ कुठंय?"

आज या तिन्ही उत्तरांबद्दल थोडं बोलू या.

पैसे कुणाचे?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं. आत घ्यायला ती कुणाच्या मालकीची जागा नाही. नगरपालिकेचं समाजमंदिर असेल, तर ते तुमच्याआमच्या करांतून उभं राहिलेलं असतं. कामगार कल्याण केंद्र असेल, तर त्याची गोष्ट आणखी जवळची आहे. घरातल्या कमावत्या माणसाची जून आणि डिसेंबर महिन्यांची पगाराची स्लिप काढून बघा. कारखाना, दुकान, कंपनी, जिथं पाच किंवा अधिक माणसं कामाला आहेत अशा बहुतेक ठिकाणी या दोन महिन्यांत एक लहानशी रक्कम कापलेली दिसेल. 'कामगार कल्याण निधी' असं किंवा नुसती 'एलडब्ल्यूएफ' अशी अक्षरं तिच्यापुढं असतील. २०२४ सालापासून ही रक्कम सहा महिन्यांना २५ रुपये आहे. त्यात मालक ७५ रुपये घालतो, आणि सरकारही आपला वाटा देतं.

हा निधी आजचा नाही. मुंबई सरकारनं १९३९ साली कामगार वस्त्यांमधून कल्याण केंद्रं सुरू केली. तो काळ गिरण्यांचा. एका खोलीत सातआठ माणसं राहायची, पाळीवर गेलेल्याच्या अंथरुणावर पाळीवरून आलेला निजायचा. अशा घरात मोकळं बसायला जागा नाही, म्हणून घराबाहेर एक जागा हवी, असा त्यामागचा साधा विचार. पुढं १९५३ साली कायदा झाला, स्वतंत्र मंडळ झालं, आणि केंद्रं त्याच्याकडे आली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले, पण केंद्रं राहिली. मुंबईबाहेरही राज्यातल्या कितीतरी गावांत ती आहेत. कुठं वाचनालय आहे, कुठं शिवणवर्ग, कुठं मुलांचं शिशुमंदिर, कुठं व्यायामशाळा. नाट्यस्पर्धा आणि भजनस्पर्धा होतात, त्यांत स्त्रियांच्या भजनी मंडळांची स्पर्धा वेगळी असते.

या निधीत आणखी एक पैसा येतो, तो मला फार विचारात पाडतो. कामगाराचा जो पगार, जो बोनस देणं लागत होतं पण तीन वर्षं कुणी न्यायलाच आलं नाही, तो मालकानं स्वतःकडे न ठेवता या निधीत भरायचा असतो. म्हणजे कुणी नोकरी सोडून गावी गेला, कुणी आजारी पडला, कुणी परतलाच नाही. त्याचे राहिलेले चार पैसे या खोलीतल्या पंख्यात आणि कपाटातल्या पुस्तकांत आले आहेत. अशा ठिकाणी परकेपणानं दाराशी उभं राहायचं म्हणजे त्या माणसाचाही अपमानच नाही का?

"शिवणवर्गाला का?"

आता तुम्ही धीर करून आत गेलात असं समजा. काय होतं, ते माझ्या एका मैत्रिणीच्या अनुभवावरून सांगते.

ती दारात उभी राहिली. समोरच्या लांब टेबलाभोवती निवृत्त मंडळी वर्तमानपत्रं वाचत होती. सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. तिच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात टेबलामागच्या कारकुनानं अगदी आदरानं विचारलं, "शिवणवर्गाला का, ताई?" आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "हो."

झालं! पुढचे सहा महिने ती बाई ब्लाउजचं कटिंग शिकत होती. आता गंमत अशी, की लग्नाआधीपासून ती स्वतःचेच काय, सगळ्या आळीचे ब्लाउज शिवते. "मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. म्हणाली, "काय सांगू? मला नुसतं बसायचंय, असं?"

शिवणवर्ग वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. त्याच्या आधारावर किती संसार उभे राहिलेत! पण मेख इथंच आहे. आपण बायका घराबाहेर पडतो, ते कुठल्यातरी उपयोगाचं बोट धरून. शिवण शिकायला, पापड लाटायला, भिशीचे पैसे द्यायला. नुसतं खेळायला, हसायला बाहेर पडलो, तर चोरी केल्यासारखं वाटतं. पुरुषाला कधी कुणी विचारतं का, "कॅरम खेळून घरात काय येणार?"

आणि कायदा काय म्हणतो बघा. या निधीतून कशावर खर्च करायचा त्याची यादी १९५३ च्या त्या कायद्यात दिली आहे. स्त्रियांसाठी घरगुती उद्योग हे त्यात एक कलम आहेच. पण वाचनालयं, खेळ, सहली आणि करमणूक ही वेगळी कलमं आहेत. हे सगळं कामगारासाठी आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसांसाठी. शिवणकाम बायकांचं आणि करमणूक पुरुषांची, अशी वाटणी त्यात कुठं केलेली नाही. ती आपणच केली.

आपल्या आज्या इतक्या भित्र्या नव्हत्या, बरं का. मंगळागौर आठवा. रात्रभर जागून फुगड्या, झिम्मा, पिंगा. घामाघूम होऊन खेळायच्या. पण त्यालाही पूजेचं निमित्त लागायचंच. आणि लग्नानंतरची पाच वर्षं झाली, मंगळागौर उजवली, की खेळ संपला! पुढची चाळीसपन्नास वर्षं काय? तर दुसरीच्या मंगळागौरीत बसून बघायचं.

साडेतीन ते पाच

आमच्या जुन्या गावातल्या केंद्राची गोष्ट सांगते. ते केंद्र कुठलं, कुणाचं, हे मुद्दामच सांगत नाही, कारण असं कुठंही घडू शकतं.

तिथल्या फळ्यावर एका कोपऱ्यात लिहिलेलं होतं : 'कॅरम व बैठे खेळ, स्त्रियांसाठी, मंगळ-गुरु-शनि, दु. ३॥ ते ५.' किती वर्षं ते तिथं होतं कोण जाणे. आम्ही पाचजणींनी ते एकदा वाचलं, आणि एका मंगळवारी गेलो. एकटीची छाती झाली नसती. पाचजणी होतो म्हणून गेलो.

पहिल्या दिवशी बोर्डावर बोटभर धूळ होती. स्ट्रायकर सापडेना. कारकून म्हणाले, "मला वाटलं नव्हतं कुणी येईल म्हणून." पण बोर्ड पुसून दिला, कपाटातून सोंगट्यांचा डबा काढून दिला. एकोणीसच्या एकोणीस निघाल्या. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी.

हळूहळू बाराचौदाजणी झालो. प्रत्येकीचं येण्याचं कारण निराळं. एक आजी खेळायच्या नाहीत. त्या सरळ वाचनालयाच्या टेबलाशी जायच्या आणि वर्तमानपत्र उघडायच्या. म्हणायच्या, "घरी पेपर आधी ह्यांच्या हातात, मग मुलाच्या, मग नातवाच्या. माझ्याकडे येईतो त्यात भाजी गुंडाळलेली असते." पहिल्या दिवशी त्या समोर बसल्यावर दोन आजोबा खुर्च्या मागं सरकवून उठले. महिन्याभरानं तेच आजोबा त्यांच्यासाठी पुरवणी बाजूला काढून ठेवू लागले. "तिथं पुरुष असतात" याचं उत्तर मला त्या आजींनी दिलं. असतात, आणि दोनचार दिवसांत त्यांनाही सवय होते.

बेकरीवाल्या काकू हरल्या की भांडायच्या, अगदी लहान मुलीसारख्या. नव्यानं लग्न होऊन आलेली एक मुलगी होती. तिला घरी दिवसभर 'अहो, हो, बरं' याच्यापलीकडे बोलायला नव्हतं. इथं ती इतकी बडबडायची, की आम्ही तिला 'रेडिओ' म्हणायचो.

आणि होत्या कोपऱ्यावरच्या वहिनी. त्यांचे यजमान आठ वर्षं अंथरुणाला खिळलेले. अर्धांगवायू. उठवणं, बसवणं, भरवणं, सगळं वहिनींच्या हातानं. मुलगी कॉलेजातून साडेतीनला घरी यायची आणि पाचला शिकवणीला जायची. तेवढा दीड तास वहिनी मोकळ्या असायच्या. खेळायला बसल्या की घराबद्दल अवाक्षर नाही. आम्हीही विचारत नव्हतो. हात मात्र असा होता, की राणी एका फटक्यात. वर आम्हांला बजावायच्या, "राणी घेतली म्हणून हुरळू नका. पाठोपाठ आपली एक सोंगटी गेली नाही, तर राणी परत बोर्डावर ठेवावी लागते. एकटी राणी कामाची नाही."

महिनाभर एकच सही

पहिला पाऊस पडला आणि आमची हजेरी ढिली झाली. जूनमध्ये मुलांच्या शाळा, वह्यापुस्तकं. मग कुणाची नणंद बाळंतपणाला आली, कुणाकडे अधिक महिन्याचं वाण, मग श्रावणाचे उपासतापास. प्रत्येकीला वाटायचं, आज आपण नाही गेलो तर काय झालं, बाकीच्या असतीलच की! मीही त्यांतलीच.

नागपंचमीनंतर एका गुरुवारी मी गेले, तर खोलीला कुलूप. खिडकीतून डोकावले. आत गणपतीच्या मखराचं सामान रचून ठेवलेलं. कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून उभा, त्याच्यावर थर्माकोलचे खांब.

मी तणतणत कारकुनांकडे गेले. त्यांनी आवाज न चढवता हजेरीपट माझ्यापुढं सरकवला. "बघा ताई. पाच आठवडे. रिकामी खोली मी कशी राखून ठेवू? वरून विचारणा होते."

मी पान उलटलं. तीन वार, पाच आठवडे, पंधरा दिवस. पंधराही दिवशी एकच सही. कोपऱ्यावरच्या वहिनींची.

म्हणजे त्या आल्या होत्या. दर वेळी. साडेतीनला येऊन, सही करून, बोर्डापुढं एकट्या बसल्या होत्या. एकटीनं कॅरम खेळता येत नाही हो! कारकून म्हणाले, "सोंगट्या मांडायच्या, आणि पाचला परत डब्यात भरायच्या. खोली बंद केली त्या दिवशीही आल्या. काही बोलल्या नाहीत. पायरीवर बसल्या थोडा वेळ आणि गेल्या."

मैत्रिणींनो, मला त्या दिवशी जितकी लाज वाटली तितकी क्वचितच वाटली असेल. आम्हांला ती गंमत होती. जमलं तर जायचं. त्यांना तो दीड तास म्हणजे आठवड्याचा श्वास होता. आणि तो आमच्या प्रत्येकीच्या एकेका सहीवर उभा होता, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

आम्ही अर्ज लिहिला. घरोघर हिंडून एकतीस सह्या मिळवल्या. आजींनी वाचनालयातल्या आजोबांच्याही सह्या आणल्या. दोन हेलपाटे झाले, आणि दिवाळीनंतर खोली परत मिळाली. पण मंगळवार आणि शनिवारच. गुरुवार तोवर दुसऱ्या कुणाला दिला गेला होता, तो काही परत आला नाही. गेलेला वार असा सहजी येत नाही.

पहिल्या मंगळवारी वहिनींकडे बघायचं कसं, या विचारानं मी जरा उशिरानंच गेले. त्या पदरानं बोर्ड पुसत होत्या. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "पावडर आणलीत का? संपलीय ती."

जायचं ठरवलंत, तर एवढं करा

* आधी फळा वाचा. स्त्रियांसाठी वेळ राखलेली असेल तर ती तिथं लिहिलेली असते. नसेल, तर दहापंधराजणींच्या सह्यांचा अर्ज द्या. तोंडी विनंती विसरली जाते, अर्जाची नोंद होते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

* कामगार कल्याण केंद्रात जाताना पगाराची अलीकडची स्लिप आणि तुमचं ओळखपत्र बरोबर ठेवा. सभासद व्हायला काय लागतं ते तिथंच विचारा. घरात कुणाचा निधी कापला जात नसेल, तरी चौकशी करायला हरकत नाही.

* पहिल्या दिवशी एकट्या जाऊ नका. जाऊबाई, शेजारीण, वाटल्यास सासूबाईंनाच न्या. सासूसून जोडीनं खेळताना मी पाहिल्या आहेत. घरात न बोलणाऱ्या दोघी बोर्डावर डोळ्यांनी खुणा करतात!

* "कशासाठी आलात?" असं कुणी विचारलं, तर शिवणवर्गाचं नाव घेऊ नका. "खेळायला" म्हणा. पहिल्यांदा जीभ अडखळेल, दुसऱ्यांदा नाही.

* लहान मूल असेल तर दोघीदोघींनी पाळी लावा. एकीनं मैदानातल्या घसरगुंडीवर लक्ष ठेवायचं, दुसरीनं खेळायचं, मग अदलाबदल. घसरगुंडीचा पत्रा कुठं फाटलाय का, ते आधी हात फिरवून बघा, आणि उन्हात तापलेली असेल तर मुलांना चढू देऊ नका.

* कॅरमची पावडर ओली झाली की गोळे होतात. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बोर्डाला ओलं फडकं कधी लावू नका, लाकूड फुगतं. कोरडं मऊ सुती फडकं पुरे. आणि या पावडरीत बोरिक असतं, तेव्हा मुलांच्या तोंडात जाणार नाही असं बघा. खेळून झालं की हात धुवा.

* स्वच्छतागृह नसेल किंवा कुलपात असेल, तर गप्प बसू नका. बायका येत नाहीत म्हणून ते बंद, आणि ते बंद म्हणून बायका येत नाहीत, असं हे चक्र असतं.

* आणि सगळ्यांत महत्त्वाचं : सही करा. पाच मिनिटांसाठी गेलात तरी हजेरीपटावर सही करा. जमणार नसेल, तर दुसरीला पाठवा. वरच्या कचेरीला तुमचं हसणं ऐकू जात नाही. तिथं फक्त सह्या मोजल्या जातात.

राहिलं "वेळ कुठंय?" त्याचं उत्तर तुमच्या हातातल्या डब्यात आहे. गिरणीत रांग असली, की दळण व्हायला तासभर लागतोच. रोज तो तास आपण पिठाच्या धुरळ्यात उभं राहून, पदर नाकाला लावून काढतो. पुढच्या खेपेला डबा रांगेत ठेवा, गिरणीवाल्याला सांगा, "होऊ दे सावकाश, मी पाचला येते."

आणि त्या पिवळ्या इमारतीच्या पायऱ्या चढा. आत कुणीतरी सोंगट्या मांडून वाट बघत असेल.